उजव्या बाजूची पिवळी रेघ

मुरली,

परवा तुझी तेरवी झाली. मी आलो होतो. पंगतीत बसलो, चार घास गिळले, आणि तुझ्या घरातल्या एकाही माणसाने मला "भाऊ, भात घ्या नं अजून" म्हटलं नाही. ज्या घरात चाळीस वर्षं मी न विचारता थेट चुलीपाशी जाऊन बसायचो, तिथे परवा मान खाली घालून जेवलो आणि हात धुऊन निघालो. शकुनवहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

यात त्यांची चूक नाही. तुझ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकावर कारचा टायर मी बसवला, असं तू त्यांना सांगून ठेवलं होतंस. तेच चाक घेऊन तू एकटाच आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या रस्त्यावर गेलास आणि परत आला नाहीस. माझं तोंड त्यांना कशाला बघवेल?

मी तो टायर बसवला नाही, मुरली. नाही म्हणालो होतो, एकदा नव्हे, चांगलं तीनदा. गेलेल्या माणसाशी भांडणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण भांडण अर्धवट टाकून तू गेलास आणि जाताना माझं नाव वापरून गेलास. तेव्हा आता ऐक.

एसटीतून निवृत्त झालास आणि दोन महिन्यांत ती गाडी घेऊन आलास. नागपूरच्या कुणा डॉक्टरने हौसेने घेतलेली आणि पुढे कंबर धरली म्हणून विकलेली धिप्पाड परदेशी गाडी. लांबच्या प्रवासाची, मागच्या माणसाला टेकायला गादी, दोन्ही अंगांना पेट्या. सडक अर्जुनीत माझ्या टायरच्या दुकानासमोर ती थांबवलीस तेव्हा शेजारच्या धाब्यावरचे ट्रकवाले चहा सोडून बघायला आले. हेल्मेट काढून तू एवढा हसलास की मला वाटलं, तीस वर्षं लाल डबा हाकताना हा माणूस आतल्या आत याचीच वाट बघत होता.

"सुध्या, कन्याकुमारीले जाऊन राहिलो आम्ही दोघं."

"दोघं म्हणजे कोण? मी नाही येत बाप्पा."

"तुले कोण नेते बे? शकुनले नेऊन राहिलो."

मी थट्टा केली खरी, पण मला त्यातलं गांभीर्य कळत होतं. तू वहिनींना स्वतःच्या एसटीत कधी बसवलं नाहीस. ड्युटीवर घरचं माणूस मागे असलं की रस्त्यावर लक्ष राहत नाही, म्हणायचास. त्यांना माहेरी जायचं असलं तरी दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी बघून द्यायचास. अख्ख्या तालुक्याला तू इकडून तिकडे नेलंस आणि तुझी बायको तेवढी थांब्यावर राहिली. ती बाई आता तुझ्या मागे बसून समुद्र बघायला निघणार होती. पुढच्या टायरचं मी बघून दिलं, ब्रेकच्या पट्ट्या बघून दिल्या. मागचा टायर मात्र मधोमध गुळगुळीत झाला होता आणि तिथेच आपलं बिनसलं.

त्या मापाचा मोटारसायकलचा टायर गोंदियात मिळेना, नागपुरात मिळेना. मागवायचा म्हटला तर महिना-दीड महिना थांबायचं. आणि चाक पंधरा इंची. कारचे पंधरा इंची टायर माझ्याच दुकानात रॅकवर ओळीने लावलेले. तू मोबाईलवर कुठलेतरी परदेशी लोक बघितले होतेस, असल्याच गाड्यांना मागे कारचा टायर लावून फिरणारे. टायर सपाट, म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर दगडासारखी चालते, आणि झिजता झिजत नाही. तू मला तो मोबाईल दाखवलास तेव्हा तुझे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

मी दोन टायर फरशीवर उभे केले, एक मोटारसायकलचा, एक कारचा. "हे बघ, हा गोल आहे. गाडी वळणावर कलते, तसा हाही कलते. हा दुसरा सपाट. कार कलत नाही, म्हणून याले कलणं मालूमच नाही. तू कलवशील, आन हा कडेवर उभा राहून तुले सरळ ढकलन." रिमची खाच वेगळी, टायरची कड वेगळी, हेही सांगितलं. ती कड खाचेत बसवायला वाजवीपेक्षा जास्त हवा मारावी लागेल, आणि बसली तरी नीट बसली की नाही याची खात्री मी देणार नाही.

"अमेरिकेत चालवून राहिले लोक."

"त्यांचे रस्ते पाय, आन आपलं नवेगावचं वळण पाय."

"मी तीस वर्षं एसटी चालवली. ते का वळणावर वाकत होती?"

"तिले सहा चाकं होती, मुरल्या!"

कंप्रेसरपाशी उभा असलेला एक ट्रकवाला हे ऐकून इतका हसला की तू चिडून निघून गेलास. चार दिवसांनी पुन्हा आलास, पुन्हा तेच. तुला हरायची सवय नव्हती. तुमची सगळी कोहळी समाजाची मंडळी अशीच. पूर्वजांनी गावोगावी तळी बांधली, तेव्हापासून पाळीवर, बांधावर उभं राहून दुसऱ्याला शिकवायची खोड लागली ती लागलीच.

तिसऱ्यांदा भांडलो ते तुझ्या ओसरीवर, वहिनींसमोर. तू म्हणालास, मी भित्रा आहे. मी म्हणालो, तू मूर्ख आहेस. वहिनी चहा घेऊन आल्या, आपल्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्या चाकाले भाऊजींचा हात लागला असन, तरच मी बसीन. मंग कन्याकुमारी का, लंकेतही नेजा." मला किती बरं वाटलं होतं, आता कबूल करतो. छाती फुगली माझी. आयुष्यभर पंक्चर काढणाऱ्या माणसाच्या हाताला असा मान कोण देतं? चहा संपवून तू म्हणालास, "बरं, थांबतो. मागव तू तुया टायर." माझ्या हातावर हात मारून म्हणालास. मी त्याच दिवशी टायर मागवला.

तो आला तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, "असू दे नं. जुनाच चालून राहिला अजून. निघाच्या आधी बसवू." मी तो टायर उन्हापासून आडोशाला, पोत्याखाली झाकून ठेवला. तुझ्या गाडीला कारचा टायर लागून तेव्हा आठ दिवस झाले होते. इतका सहज बोललास की मला कणभर शंका आली नाही. नंतर दुकानावर आलास तरी पायी यायचास, गाडी घरी आहे म्हणायचास. मी म्हटलंसुद्धा, मुरल्या, निवृत्तीनंतर तुला चालायची बुद्धी झाली, बरं झालं. तेव्हा तुला हसू कसं आलं रे?

मला तुझ्याबद्दल वाईटच लिहायचं आहे असं नाही. तसं लिहायला बसलो तरी मध्ये दुसरंच काहीतरी येतं. हायवे रुंद झाला आणि माझं दुकान मागे सरकवावं लागलं, तेव्हा तू सुट्टी टाकून आलास. कंप्रेसरची टाकी आपण दोघांनी लोखंडी पाइपांवरून ढकलत नेली. तुझ्या पायाच्या अंगठ्यावरून पाइप गेला, नख काळंनिळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तू त्याच पायाने क्लच दाबत साकोलीपर्यंत फेरी केलीस. वर्षानुवर्षं तुझी गाडी माझ्या दुकानासमोर थांबायची, हवा बघायच्या निमित्ताने. आतून प्रवासी ओरडायचे, "ओ ड्रायव्हरसाहेब, आमाले कोर्टात तारीख हाय!" आणि तू खिडकीतून सांगायचास, "हवा नसन तर तारखेले वरच जावं लागन." ती हवा मी बघत होतो. तुझ्या गाडीत बसलेल्या सगळ्यांचा जीव तू माझ्या हातावर सोडत होतास. मग तुझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळीच माझ्या हाताला काय झालं होतं?

तू गेलास त्या दिवशी मला अर्जुनीच्या दवाखान्यात बोलावलं. एका गुराख्याने सगळं पाहिलं होतं. वळणावर रानडुक्कर आडवं आलं, तू गाडी वळवलीस, आणि गाडी वळण सोडून सरळ झाडीत गेली. वळवली आणि सरळ गेली, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तुला चादरीखाली ठेवलं होतं. मी जवळ जायच्या आत वहिनी माझ्यासमोर आल्या.

"भाऊजी, काऊन बसवला तुम्ही तो टायर? तुम्ही तं नाही म्हणत होते."

मला काही कळेनाच. त्या पुढे बोलत होत्या. "टायरवरची तुमची पिवळी रेघ दाखवली त्यांनी मले. हे पाय म्हणे, सुध्याची रेघ, आता तरी बस. मी बसली. पयले एकदा प्रतापगडले जाऊन आलो आम्ही दोघं. जरा जड वळते म्हणत होते, सवय होऊन जाईल म्हणत होते." तुझं प्रेत चार हातांवर असताना "तो खोटं बोलला" असं तुझ्या बायकोला सांगायचं मला जमलं नाही. माझं गप्प राहणं म्हणजे कबुली, असंच सगळ्यांनी धरलं. सरण रचतानाही माझ्या पाठीमागे कुजबुज चालू होती.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. हवालदार ओळखीचा, चांगला माणूस. पंचनाम्यात डुक्करच लिहिलंय म्हणाला, फक्त गाडी एकदा बघून घ्या. गाडी आवारात आडवी पडली होती. मी वाकलो आणि रेघ पाहिली.

तुला माहीत आहे, मी टायर चढवला की वॉल्व्हच्या बाजूला रिमपासून टायरवर एक पिवळी रेघ ओढतो. अर्धी लोखंडावर, अर्धी रबरावर. टायर रिमवर सरकला तर रेघ तुटते आणि मालकाला लगेच दिसतं. मोटारसायकलला मी ती कायम डाव्या बाजूला ओढतो. गाडी स्टँडवर डावीकडे कलून उभी असते, माणूस डावीकडून चढतो, नजर तिथेच जाते. तुझ्या चाकावरची रेघ उजवीकडे होती. तीस वर्षं तू एसटीच्या उजव्या दाराने चढलास, मुरली. तुझ्या लेखी गाडी बघायची बाजू उजवीच. आणि रंगही माझा नव्हता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावता, तो घरातला उरलेला दाट पिवळा रंग. तू स्वतः बसून, जीभ दातात धरून, माझी खोटी सही केली होतीस.

त्या आवारात मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. नाही म्हणालो म्हणून तू दुसऱ्याकडे गेला असतास, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो. माझी रेघ ओढून वहिनींना त्या चाकावर बसवलंस, हे मला गिळता येत नाही. प्रतापगडच्या त्या पहिल्या फेरीत त्यांना काही झालं असतं तर? रेघ तुटली नव्हती, तेही सांगतो. टायर रिमवर तसूभर सरकला नव्हता. ज्याने बसवला त्याने नीट बसवला होता. गोल टायर असता तर गाडी वळली असती का, हे मला कुणी विचारू नये. मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं आता मला मरेपर्यंत पुरणार आहे.

ज्याने बसवला त्याला मी शोधून काढलं. सीमेपलीकडे छत्तीसगडात, ट्रकवाल्यांना विचारत विचारत गेलो. साधा माणूस निघाला. बातमी ऐकून मटकन खाली बसला. म्हणाला, "भैया, मैंने तो पहले मना कर दिया था. फिर वो बोले, सुधाकर भाऊ ने भेजा है, उनकी मशीन बिगड़ी है. आपका नाम नहीं लेते, तो मैं हाथ नहीं लगाता." मला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी त्याने दिलेला चहा प्यायलो आणि परत आलो. म्हणजे एका नावावर तू तिकडे टायर बसवून घेतलास आणि त्याच नावावर इकडे बायकोला बसवलंस. मी सोडून सगळ्यांना माझ्या शब्दाची किंमत कळत होती. तुला तर सगळ्यात जास्त.

आणखी एक आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या ओसरीवरच्या त्या भांडणानंतर मी दुकानात बसून तुझे ते परदेशी लोक मोबाईलवर बघितले. एकदा नाही, बरेचदा. ते वळणावर कसे हँडल दाबून गाडी कलवतात, हवा किती ठेवतात, कड कशी बसवतात. एक रिम आणि एक कारचा टायर घेऊन मापंही घेतली. पटलं नाही मला, अजूनही पटत नाही. पण तू चौथ्यांदा येऊन नीट बसला असतास, तर तुझ्या हट्टापुढे मी कदाचित वाकलो असतो. मग निदान मी तुझ्यासोबत आलो असतो, नवेगावच्या वळणावर तुला दहा वेळा फिरवलं असतं, आणि तुला जमत नाही हे दिसलं असतं तर तिथेच टायर उतरवला असता. चौथ्यांदा यायला तुला काय झालं होतं?

काल दुपारी मी पुन्हा तुझ्या घरी गेलो. पाहुणे निघून गेले होते. वहिनी ओसरीवर एकट्याच सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, मीही बसलो नाही. पायरीखाली उभा राहून सगळं सांगून टाकलं. छत्तीसगडातला माणूस, माझं नाव, फोनवरचं खोटं, सगळं. दुकानाच्या इज्जतीसाठी नव्हे, खरंच सांगतो. ट्रकवाले येतात, "तोच का तो टायर बसवणारा?" म्हणून विचारतात, ते मी सोसलं असतं. पण त्या बाईने मला तुझा जीव घेणारा समजावं, हे मला सोसत नव्हतं. तेरा दिवस मी तुझं खोटं सांभाळलं, चौदाव्या दिवशी माझ्याने झालं नाही. तुझी चुगली केली मी, मुरली. तू गेल्यावर, तुझ्या पाठीमागे.

सुपातले त्यांचे हात थांबले होते.

"म्हणजे मी बसली, ते चाक तुमच्या हातचं नव्हतंच."

"नाही वहिनी."

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. त्या म्हणतील, भाऊजी, माझा गैरसमज झाला. तसं काही झालं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं. मग सरकून पायरीवर जागा केली आणि मला बसायची खूण केली. मी बसलो.

"भाऊजी, मी ते बोलली होती नं, तुमचा हात लागला असन तरच बसीन म्हणून? ते तं मी असंच बोलली होती. तुम्ही दोघं इतके भांडून राहिले होते, मले वाटलं, तुमचं मन राहीन आन भांडण थांबन." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यांनी खरं सांगतलं असतं तरी मी बसलीच असती. उभ्या जन्मात पयल्यांदा माया मागं बस म्हणत होते. मी का टायर पायत राहिली असती?"

मी पायरीवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचत राहिलो.

"मंग काऊन खोटं बोलले ते?" वहिनी म्हणाल्या. "काऊन?"

त्या मला विचारत नव्हत्या, मुरली. पण ओसरीवर मी एकटाच होतो.